मण्यारीचा दंश आणि कॅल्शियमचा शिक्का

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांचे व्याख्यान होते आणि आम्ही अखेरीस आभार मानण्यापुरते उभे राहतो. यंदा हा क्रम उलटा झाला आहे. त्याला कारण झाला तो मागील वर्षीचे हिशेब पाहताना विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलेला प्रश्न. अतिदक्षता विभागातील सर्पदंशाच्या एका रुग्णाचे देयक त्यांच्यापुढे होते. ते म्हणाले, "सर्पदंशाची लस पहिल्याच दिवशी दिलेली दिसते. मग त्यापुढे नऊ दिवस व्हेंटिलेटर कशासाठी? लस लागू पडली असेल तर यंत्र नको, आणि पडली नसेल तर यंत्राने काय साधणार?"

हिशेबाच्या दृष्टीने प्रश्न बिनतोड होता. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमा आणि नावे या दोन बाजूंपलीकडे आमची धाव नाही. "ही वैद्यकीय बाब आहे," एवढे सांगून आम्ही त्या दिवशी वेळ निभावून नेली. मात्र त्या उत्तराने आमचेच समाधान झाले नाही. म्हणून गेले काही महिने आमच्या डॉक्टर मंडळींना सवडीच्या वेळी गाठून, प्रसंगी त्यांच्या चहाच्या वेळेवर आक्रमण करून, जे समजून घेतले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत. कुठे चुकलो तर दुरुस्त करणारे समोरच बसले आहेत.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. मेंदूकडून निघालेला आदेश मज्जातंतूतून विजेच्या लहरीसारखा येतो खरा, परंतु तो मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोहोंमध्ये फट असते. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातील एक भाग, एवढी ती अरुंद. पण विजेची लहर ती ओलांडू शकत नाही. तेथून पुढचा निरोप असिटिलकोलिन नावाचे रसायन नेते. मज्जातंतूच्या टोकाशी या रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या तयार ठेवलेल्या असतात आणि एकेका पिशवीत त्याचे काही हजार रेणू असतात. लहर टोकाशी पोहोचली की पिशव्या काठाशी फुटतात, रसायन फटीत सांडते, पलीकडच्या स्नायूवरील ग्राहकांना जाऊन भिडते आणि स्नायू आकुंचन पावतो. आपण आता घेतलेला श्वासही असाच झाला. छातीखालचा श्वासपटल हादेखील स्नायूच आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

आता आमच्या कार्यालयातील व्यवहाराने बोलायचे तर, लहर म्हणजे मागणीपत्र आणि पिशव्या म्हणजे कोठारातील माल. परंतु मागणीपत्र आले म्हणून भांडारपाल माल सोडत नाही; त्यावर मंजुरीचा शिक्का लागतो. तो शिक्का म्हणजे कॅल्शियम. मज्जातंतूच्या बाहेरील द्रवात कॅल्शियमचे कण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी अधिक असतात. पेशी सतत श्रम करून आतील प्रमाण इतके खाली ठेवते. लहर आली की टोकावरील कॅल्शियमचे दरवाजे क्षणमात्र उघडतात, बाहेरचे कण आत घुसतात आणि तेवढ्याने पिशव्या फुटतात. सारा व्यवहार एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. आमच्या भांडार विभागाने यापासून काही बोध घ्यावा असे वाटते, पण तो विषय वेगळा.

हे कसे कळले, त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत असत. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात ते हृदय चालत राही, तर ऊर्ध्वपातित शुद्ध पाण्यात लवकर बंद पडे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १८८३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. आजही आपल्या वॉर्डात 'रिंगर लॅक्टेट' म्हणून जी बाटली टांगली जाते, तिच्यातले नाव ते हेच. पुढे १८९४ मध्ये लॉक यांनी दाखविले की, कॅल्शियम नसलेल्या द्रावणात बेडकाचा मज्जातंतू उत्तेजित केला तरी स्नायू हलत नाही. स्नायूला सरळ उत्तेजन दिले तर मात्र तो हलतो. म्हणजे अडथळा मधल्या सांध्यावर होता.

त्यानंतरचे मोठे काम बर्नार्ड कॅट्झ यांचे. जर्मनीत जन्मलेल्या या ज्यू तरुणाला १९३५ साली मायदेश सोडून लंडनला यावे लागले. फॅट या सहकाऱ्यासह १९५२ मध्ये त्यांनी नोंदविले की, मज्जातंतू अगदी स्वस्थ असतानाही स्नायूवर बारीक बारीक विद्युत् स्पंदने उमटत राहतात आणि ती जवळपास सारख्या आकाराची असतात. कॅल्शियम कमी करून व मॅग्नेशियम वाढवून त्यांनी व कॅस्टिलो यांनी मोठे स्पंदन उतरवत नेले, तेव्हा ते सलग न उतरता पायरीपायरीने उतरले. नाण्यांनी व्यवहार करणाऱ्याकडे एक रुपया, दोन रुपये, तीन रुपये मिळावेत, पण दीड रुपया कधीच मिळू नये, तसे ते होते. रसायन ठरावीक पुड्यांतूनच सुटते हे त्यावरून निष्पन्न झाले. १९७० साली कॅट्झ यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅल्शियम निम्मे केले तर रसायनाची सुटका निम्मी होत नाही, तर कॅल्शियम मुळात कमी असताना ती जवळजवळ सोळाव्या हिश्शावर येते, हे १९६७ मध्ये डॉज व रहामिमॉफ यांनी बेडकाच्या याच सांध्यावर मोजले. आम्हांला हा आकडा विशेष भावला. व्याजाचे चक्रवाढ गणित आम्ही जन्मभर केले. शरीरात असे काही असेल याची कल्पना नव्हती. पिशवीवर बसून कॅल्शियमची चाहूल घेणाऱ्या प्रथिनाचा शोध घेणारे थॉमस सुडहॉफ यांना २०१३ साली अन्य दोघांसह नोबेल मिळाले, एवढे सांगून इतिहास पुरा करतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ते देयक ज्याचे होते, तो खुलताबादच्या पुढील एका वाडीवरचा पंचविशीतला शेतमजूर. ऑगस्टमधील पावसाची रात्र. शेतातल्या खोपीत तो भुईवरच अंथरूण टाकून निजला होता. पहाटे चारच्या सुमारास पोटात कळ येऊन जागा झाला. अपचन समजून घरच्यांनी घरगुती औषध दिले. उजाडल्यावर त्याच्या पापण्या उघडेनात. झोप झाली नसेल, असे वाटून त्याला पुन्हा निजवले. बोलणे अडखळू लागले तेव्हा जीप करून त्याला आमच्याकडे आणले. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती, साप कोणी पाहिला नव्हता. अपघात विभागातील डॉक्टरांनी त्याला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. तो सातापुढे जाऊ शकला नाही. "मण्यार," एवढेच ते म्हणाले आणि धावपळ सुरू झाली.

मण्यारीची ओळख यापूर्वी आम्हांला केवळ नावापुरती होती. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते, तिचे दात इतके बारीक की बहुधा झोपही मोडत नाही. पहाटेची पोटदुखी, नंतर मिटत जाणाऱ्या पापण्या, गिळताना त्रास आणि मग श्वास थांबणे, असा तो क्रम असतो. या विषयावर आपल्या मराठवाड्याच्याच एका सुपुत्राने मोलाचे काम केले आहे, हे सांगताना अभिमान वाटतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातील देहेडचे. १९८१ साली जालना जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा मुलूख आपल्याच जिल्ह्यात मोडत असे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडला, हे अनेकांस ठाऊक आहे. परंतु महाडसारख्या ठिकाणी राहून त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मण्यार व नाग यांच्या दंशाची लक्षणे आणि ग्रामीण भागातील उपचार यांवरही २००४ साली लेखन केले आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

नाग आणि मण्यार, दोहोंच्या विषाने माणूस लुळा पडतो, तरी वाट निराळी. नागाचे विष फटीच्या पलीकडे, स्नायूवरील ग्राहकांना अडवून बसते. माल सुटतो, पण घेणाऱ्याचे दार बंद. तेथे निओस्टिग्मिनचे इंजेक्शन देऊन फटीतील असिटिलकोलिन टिकवून धरता येते आणि रुग्ण कित्येकदा डोळ्यांदेखत पापण्या उघडतो. मण्यारीचे विष मुख्यतः अलीकडे, मज्जातंतूच्या टोकावरच घाला घालते. ते टोकाचे आवरण विदारते, बाहेरचे कॅल्शियम अनिर्बंध आत लोटते, पिशव्या भराभर रित्या होतात, कोठार लुटले जाते आणि अखेर ते टोकच नष्ट होते. जो शिक्का एकेक मागणी मंजूर करण्यासाठी होता, तोच कोणीतरी हाती घेऊन साऱ्या साठ्यावर मारत सुटावे, असा हा प्रकार. विषातील हा घटक स्वतःचे काम करण्यासाठीही कॅल्शियमच वापरतो.

लस काय करते? ती रक्तात फिरणारे विष निकामी करते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते आणि तिच्या १० मिलिलिटरच्या एका बाटलीत मण्यारीचे साडेचार मिलिग्रॅम विष निष्प्रभ करण्याची क्षमता असते. त्या तरुणाला आधी दहा, मग पुन्हा दहा बाटल्या दिल्या. पण जी टोके आधीच उद्ध्वस्त झाली, त्यांना लस परत आणू शकत नाही. ती नव्याने उगवावी लागतात, आणि ती उगवतात. स्नायू शाबूत असतो, मज्जातंतूही शाबूत असतो. टोक तेवढे पुन्हा बांधले जाते, त्यात पिशव्या भरल्या जातात, कॅल्शियमचे दरवाजे बसतात. त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस माणसाने श्वास कसा घ्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. अध्यक्ष महोदय, त्या नऊ दिवसांचे उत्तर हे आहे. लस लागू पडली होती आणि यंत्रही लागणारच होते.

येथे आम्हांला स्वतःविषयी एक कबुली द्यावयाची आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, त्या उजेडालाही प्रतिसाद देत नव्हत्या. हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. त्याचे चुलते हात जोडून आम्हांला म्हणाले, "सायेब, पोरात आता काही राह्यलं नाही. यंत्र काढा, घरी नेऊ द्या." आम्ही त्याच्या उशाशी उभे राहून त्यांच्याशी अनामत रकमेविषयी, थकलेल्या बाकीविषयी आणि रोजच्या खर्चाविषयी बोललो. आवाज चढा नव्हता, पण हलकाही नव्हता. तेवढ्यात अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर बाई आल्या. त्यांनी चुलत्यांचा हात धरून रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला आणि रुग्णाच्या कानाशी म्हणाल्या, "दादा, काकांना अंगठा हलवून दाखवा." अंगठा हलला, भास वाटावा इतकाच. चुलते मटकन खाली बसले.

मण्यारदंशाचा रुग्ण मेंदू मृत झाल्यासारखा दिसतो, पण विष मेंदूत गेलेले नसते. तो ऐकत असतो. झोपेचे औषध देतात तरी ते मोजूनच, आणि मधूनमधून तो पूर्ण जागा असतो. आमच्या परिचारिका हे जाणून होत्या. डोळ्यांत औषध घालण्यापूर्वी त्या त्याला सांगत, कूस बदलण्यापूर्वी सांगत, बाहेर दिवस आहे की रात्र तेही सांगत. ते ज्ञान आम्हांला नव्हते. दहाव्या दिवशी घशातील नळी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही विचारपूस करण्यास गेलो तेव्हा त्याने घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न केला, "साहेब, काकानं पैशाचं कसं केलं?"

त्यानंतर कोणत्याही रुग्णाच्या खाटेजवळ देयकाची चर्चा करू नये, असे परिपत्रक आम्ही आमच्याच सहीने काढले आहे.

आणखी एक बाब अनेकजण विचारतात. कॅल्शियम एवढे महत्त्वाचे, तर मण्यारदंशात कॅल्शियमचे इंजेक्शन का देत नाहीत? देतात. केंद्र शासनाच्या प्रमाणित उपचार मार्गदर्शिकेतही मण्यारदंशासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचा उल्लेख आहे. त्या देयकातही ती नोंद सापडेल. त्याची किंमत एकूण रकमेत डोळ्यांत भरण्यासारखी नाही. परंतु आमच्या डॉक्टरांचे मत असे की, रुग्णाच्या रक्तात कॅल्शियमची उणीव मुळात झालेलीच नसते. शिक्का भरपूर आहे, कोठारच जळाले आहे. तेव्हा त्यावर भिस्त ठेवून रुग्णाला व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पाठविण्यास विलंब लावू नये. गावाकडून दूरध्वनी आला तर आमचे कर्मचारी हेच सांगतात, आणि वाटेत श्वास अडला तर पिशवीने श्वास देत आणावे, असेही सांगतात.

ज्या ठिकाणी कॅल्शियमची ती लहानशी कुपी खरोखर प्राण वाचविते, ते ठिकाण आपल्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. प्रसूती विभागात रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या, वा येण्याची भीती असणाऱ्या मातांना मॅग्नेशियम सल्फेट देतात. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसले. झटके थांबविण्याची त्याची क्रिया मुख्यत्वे मेंदूत होते, असे मानतात. मात्र त्याचे प्रमाण वाढले तर ते मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवते. कॅट्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर जे जाणूनबुजून केले, ते येथे नकळत घडते. म्हणून परिचारिका दर डोसापूर्वी गुडघ्यावर हलकी टकटक करून पाय उडतो का पाहतात, श्वास मोजतात, लघवीचे प्रमाण पाहतात, कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. गुडघ्याची उडी आधी जाते, श्वास नंतर जातो. तशी वेळ आली तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटर सावकाश शिरेतून द्यावयाचे. येथे मात्र कोठार भरलेले असते, केवळ शिक्का अडलेला असतो.

काही वर्षांपूर्वी भांडाराचे केंद्रीकरण करताना, वर्षभरात वापर नाही आणि मुदत संपून फेकाव्या लागतात, या कारणास्तव आम्ही प्रसूती विभागाच्या मागणीतून या कुप्या वगळल्या होत्या. हिशेबाच्या वहीत ती बचत दिसली. मेट्रन बाई वही घेऊन आमच्या कक्षात आल्या आणि म्हणाल्या, "सर, आगीचा बंबही वर्षभर वापरला नाही, तो विकायचा का?" कुप्या त्याच संध्याकाळी परत ट्रेमध्ये गेल्या. वापर न होता मुदत संपलेल्या कुप्यांचा खर्च आम्ही आता निर्लेखित करतो आणि लेखापरीक्षकांना कारणही लेखी देतो.

थोडे व्यापक चित्रही पाहावे लागेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यांत आणि घरीच झाले. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याविषयी राज्यांना कळविले. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावे असलेल्या योजनेतून सर्पदंशाने दगावलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. त्या अर्जासोबत लागणारे कागद आमच्या कार्यालयातून जातात. त्यावर सही करताना दरवेळी एकच विचार येतो की हा माणूस किती वाजता निघाला होता, आणि वाटेत कुठे थांबला होता.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक मागणी ठेवतो. जून ते नोव्हेंबर हे मण्यारीचे महिने. या काळात आमचे व्हेंटिलेटर बहुधा सर्व गुंतलेले असतात आणि मण्यारदंशाचा एक रुग्ण एक यंत्र आठवडाभर अडवून ठेवतो. कन्नड, सोयगाव, सिल्लोड या बाजूंनी येणारा रुग्ण जागेअभावी घाटीकडे वळवावा लागतो, आणि घाटीवर आधीच साऱ्या मराठवाड्याचा भार आहे. रुग्णवाहिकेत बसविता येईल असे एक वाहते व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभागात एक वाढीव यंत्र, या दोहोंसाठी दरपत्रके मागविली असून ती आजच्या कार्यक्रमपत्रिकेसोबत जोडली आहेत. रक्कम लहान नाही. परंतु नऊ दिवसांनंतर हे यंत्र रुग्णाला लागत नाही, तो आपल्या श्वासाने घरी जातो आणि पुढील हंगामात कापूस वेचायला उभा राहतो, हे लक्षात घेऊन त्याकडे पाहावे. जाता जाता घरोघरी एक निरोप जावा, ही आरोग्यसेविकांना विनंती: पावसाळ्यात खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या.

त्या तरुणाच्या देयकातील उरलेली रक्कम गरीब रुग्ण निधीतून भागविण्यात आली, हे ज्येष्ठ सदस्यांच्या माहितीसाठी सांगतो. त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर आम्ही यातील काहीच शिकलो नसतो. आज क्रम उलटा असल्यामुळे आभार मानण्याचे काम अध्यक्ष महोदयांकडे आहे. आम्ही त्यांना विनंती करून आपली जागा घेतो.